गोष्ट संपल्यावर मुलांना काय विचारायचं? (सीमाभागातल्या शाळा आणि बालसाहित्य)

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, मुलं २३. बरेच दिवस मनात घोळणारा एक प्रश्न इथे मांडते आहे. शिकवणाऱ्यांनी लिहाच, पण आईबाबांनी आणि आजीआजोबांनीही लिहावं.

जुलैमधला आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांना सांगायला नको. कौलांवर असा आवाज होतो की फळ्यापाशी बोललेलं मागच्या रांगेला पोचत नाही. त्या दिवशी निम्मी मुलं आलेली नव्हती, वीज नव्हती. जी आली होती त्या सगळ्यांना एकाच चटईवर जवळ घेतलं आणि विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'मधल्या कविता वाचायला लागले. वाचायला म्हणजे जवळजवळ ओरडायलाच. अर्थ सांगितला नाही. शब्दांची गंमत होती, ती मुलांना थेट कळत होती.

आमच्या तिसरीत एक मुलगा आहे. घरी कन्नड बोलतात, बैलहोंगलकडून आलेलं कुटुंब. मराठीच्या तासाला तो तोंड उघडत नाही. दुपारी अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या जेवणाच्या, रांगेत ताट हातात धरून तो स्वतःशीच त्या ओळी म्हणत होता. शब्द निम्मे चुकलेले, पण ठेका पक्का. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला म्हणाला, "ते एटूचं वाचा की."

मी वाचलं. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वाचून झाल्यावर विचारलं, "कवितेत कोणकोण आलं? यमक जुळणारे शब्द वहीत लिहा." वर्ग गप्प. तो मुलगा तर असा गप्प झाला की पुढचे चार दिवस त्यानं पुस्तकाचं नावही काढलं नाही.

तर मंडळी, गोष्ट किंवा कविता वाचून झाल्यावर मुलांना काही विचारायचं की नाही? विचारलं नाही तर वर्गात त्या वाचनाचं काम काय, असं वरून तपासायला येणारे विचारतात. विचारलं तर मजा जाते.

वखारीजवळ

ताई, राग मानू नका, पण मला वेगळं वाटतं. मी निपाणीत संध्याकाळी बिडी कामगारांच्या मुलांची शिकवणी घेतो. मुलांना माझ्याकडे मिळतो एक तास. आई दिवसभर पानं कापून, बिड्या वळून आलेली असते. ती पोराला पहिला प्रश्न विचारते, "आज काय शिकलास?" पोरगं "गोष्ट ऐकली" म्हणालं तर तिला वाटतं, तास फुकट गेला. म्हणून मी शेवटी तात्पर्य विचारतोच. ते वहीत लिहून घेतो आणि वही घरी जाते.

दुसरं असं की आपण सगळे 'श्यामची आई'वर वाढलो. ते पुस्तक नुसत्या मजेसाठी आहे का? ते वाचून आपण रडलो, आईला उलटं बोलायचं थांबलो. साने गुरुजींना संस्कारच करायचे होते. मग आपणच संस्कार या शब्दाला का घाबरायचं?

रानवाट

वखारीजवळ, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो, पण दाखला उलटा आहे असं वाटतं.

'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि १९३५ मध्ये छापून आलं. त्याची रचना आठवून बघा. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात प्रार्थना होते, श्याम एक आठवण सांगतो, मित्र ऐकतात. कुणी रडतो, कुणी गप्प होतो, मग आपसांत थोडं बोलणं होतं आणि उद्याच्या रात्रीची वाट बघणं सुरू होतं. श्याम कुणालाही "यावरून तू काय शिकलास?" असं विचारत नाही. संस्कार झाला तो ऐकण्यातून झाला. गुरुजींनी स्वाध्याय जोडला असता तर आपण रडलो असतो का?

मी आधी हायस्कूलला शिकवत होते, आता घरीच गल्लीतल्या मुलांना शनिवारी पुस्तकं वाचून दाखवते. माझा अनुभव सांगते. पहिल्या वाचनात मुलं पुढे काय होणार एवढंच बघतात. दुसऱ्या वाचनात चित्रं बघतात. तिसऱ्यांदा तुम्ही पान उलटायच्या आत पुढचं वाक्य तीच म्हणतात. हे तिसरं वाचन म्हणजे खरा अभ्यास. पुस्तकातलं लांब वाक्य, जे घरात कुणीच बोलत नाही, ते मूल पूर्ण श्वासात म्हणतं. "तो आला आणि गेला" एवढंच बोलणारं मूल "तो येतो न येतो तोच" म्हणायला लागतं. याला तपासणी कशाला हवी? म्हणताना ऐकू येतंच की.

एक अगदी व्यवहारातली सूचना. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा आणि स्वतः बाजूनं वाचा. आपल्याकडे बरेच शिक्षक पुस्तक स्वतःच्या तोंडासमोर धरतात, मुलांना दिसतो तो पुठ्ठा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर', 'यश' ही पुस्तकं निम्मी चित्रांतच आहेत. चित्र दिसलं नाही तर निम्मं पुस्तक गेलं.

शेंगादाणा

रानवाट, +१. पुठ्ठ्याचं अगदी खरं. आमच्या वर्गात आजपासून बदल.

वडगावचे आजोबा

माझं वय ७९. नातवानं मोबाईलवर मराठी टंकायला शिकवलंय, त्यामुळे हळू लिहितो.

आमच्या लहानपणी बेळगावच्या वडगावात घरोघर माग चालायचे. शेजारी विणकरांचं कन्नड घर होतं. आमच्याकडे चांदोबा यायचा, त्यांच्याकडे चंदमामा. दोन्ही मद्रासला एकाच ठिकाणी निघत. कन्नडमध्ये १९४९ साली सुरू झाला, मराठीत १९५२ साली. चित्रं तीच, गोष्टी त्याच. मी आणि त्यांचा मुलगा ओट्यावर दोन्ही अंक शेजारी शेजारी उघडून बसायचो. तो माझ्यातलं चित्र दाखवायचा, मी त्याच्यातलं अक्षर विचारायचो. कन्नड अक्षरं मला शाळेनं शिकवण्याआधी चांदोबानं शिकवली. ५६ साली इकडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, मोठी माणसं फार दुखावली होती, मीही पुढे सीमा चळवळीत होतो. पण ते दोन अंक शेजारी ठेवून वाचलेले दिवस माझ्या मनातून कधी गेले नाहीत.

आता तुमच्या प्रश्नावर. चांदोबात विक्रम-वेताळाची गोष्ट असायची. वेताळ प्रेताच्या तोंडून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतोच. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील म्हणतो. म्हणजे गोष्टीनंतर प्रश्न विचारायची आपली पद्धत फार जुनी आहे. पण तो प्रश्न कसला असतो? "या गोष्टीत राजे किती होते" असा नसतो. तिघांत मोठा त्याग कुणाचा, खरा दोषी कोण, असा असतो. आम्ही ओट्यावर तो प्रश्न वाचून थांबायचो, विक्रमाचं उत्तर हातानं झाकायचो आणि भांडायचो. कधी कधी विक्रमाचं उत्तर आम्हाला पटायचं नाही.

तर बाई, प्रश्न विचारा. पण वेताळासारखा विचारा.

मलप्रभाकाठ

आजोबा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. वेताळासारखा प्रश्न हे अगदी मनात बसलं. मी करून बघते आणि इथे येऊन सांगते.

उचगाववरून

थोडा वेगळा मुद्दा, पण मला तो याच धाग्यात हवा आहे.

पुस्तकं पुण्यामुंबईची, भाषा तिकडची. माझी मुलगी घरी "काय करूलैस?" म्हणते. तेच वर्गात म्हणाली तर सगळ्यांसमोर दुरुस्त केलं गेलं, मुलं हसली. ती घरी येऊन म्हणाली, "आपलं मराठी चुकीचं आहे का?" मी शेतकरी माणूस, मला उत्तर देता आलं नाही. आधीच कन्नडच्या तासाला तिला वाटतं की आपण मराठी, आणि मराठीच्या तासाला वाटतं की आपली मराठी खोटी. मग ती बोलणार कुठे? अशा मुलांच्या हातात प्रमाण भाषेतली पुस्तकं दिली की हे दुखणं वाढतं का कमी होतं?

रानवाट

उचगाववरून, तुमच्या मुलीला सांगा, तिच्या मराठीत मोठं साहित्य लिहिलेलं आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन तुमच्या-माझ्यासारखाच आहे. आजीआजोबांकडे राहणारा, आजूबाजूला कन्नड ऐकत वाढणारा. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं आहेत. ती बालसाहित्य म्हणून लिहिलेली नाहीत, पण सातवी-आठवीच्या मुलांना त्यातले तुकडे वाचून दाखवा. लंपनच्या तोंडी आपल्याकडची बोली येते आणि तिला कुणी हसत नाही, उलट सगळा महाराष्ट्र त्याच्या प्रेमात पडला. संतांच्या आई इंदिरा संत. त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवत होत्या. माळावर पतंग उडवताना दिसलेल्या गवतफुलाची त्यांची कविता आपण सगळे शाळेत शिकलो. मला तो माळ नेहमी आपलाच वाटत आला आहे.

आणि दुखणं वाढतं का? माझ्या मते दुखणं पुस्तकामुळे होत नाही, चारचौघांत चूक काढल्यामुळे होतं. गोष्ट चूक काढत नाही. गोष्टीतली आजी "काय करतोयस रे?" म्हणते, मूल ते शंभरदा ऐकतं, आणि एक दिवस गोष्ट सांगताना "करतोयस" म्हणतं, मैत्रिणीशी बोलताना "करूलैस" म्हणतं. दोन्ही त्याच्याजवळ राहतात. हे मी माझ्या शनिवारच्या मुलांत बघितलंय.

उचगाववरून

हे आज रात्री मुलीला सांगतो. धन्यवाद ताई.

टिळकवाडीची आई

मी इंग्रजी माध्यमातल्या मुलाची आई. इथे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण आमच्यासारखी घरं बेळगावात आता गल्लोगल्ली आहेत. मुलगा घरी मराठी बोलतो. शाळेत इंग्रजी, कन्नड आणि तिसरी हिंदी. मराठी विषयच नाही. त्याच्या आजीनं त्याला पत्र लिहिलं आणि त्याला ते वाचता आलं नाही, तेव्हा मला फार लागलं.

मग लक्षात आलं की त्याला देवनागरी येते, हिंदीमुळे. अडतो तो फक्त "ळ"वर. हिंदीच्या पुस्तकात तो जवळजवळ भेटतच नाही. पण ळचा उच्चार तर त्याला कन्नडमुळे पक्का येतो! म्हणजे अक्षर एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि दोन्ही त्याच्याजवळच होते. फक्त जोडून द्यायचं होतं. आम्ही रात्री झोपताना एक पान मी, एक पान तो असं सुरू केलं. पहिलं पुस्तक फास्टर फेणेचं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा मुलगा सायकलवरून सुटला की माझा मुलगाही वाचायला सुटतो. आठवड्याभरात माझं पान तोच वाचायला लागला, कारण मी हळू वाचते म्हणे.

मी त्याला एकही प्रश्न विचारलेला नाही. तोच मला विचारतो, "आई, पुणे आपल्यापासून सायकलवर किती दिवस?"

वखारीजवळ

टिळकवाडीच्या ताई, ळचं वाचून फार आनंद झाला. उद्याच माझ्याकडच्या दोन मुलांना हे सांगतो.

कृष्णेच्या अल्याड

कागवाड भागातल्या मराठी शाळेत मी कन्नड शिकवतो. मातृभाषा कन्नड, मराठी इथेच शिकलो, चुका सांभाळून घ्या.

माझ्या विषयाला मुलं घाबरत होती. पाठ्यपुस्तकातला धडा म्हणजे शब्दार्थ, प्रश्नोत्तरं. मग मी जी. पी. राजरत्नम यांची रंगीत तगडाच्या तुतारीची कविता घेतली. एक मुलगा तुतारी विकत घेतो, सरगम वाजवतो, मिरवतो, पाण्याजवळ जातो आणि शेवटी तुतारीचा आवाजच जातो. कवितेत उपदेश आहे, गर्वाचं घर खाली. पण मुलांना तो उपदेश सांगावा लागत नाही. त्यांना तुतारीचा आवाज आवडतो. कागदाच्या पुंगळ्या करून त्यांनी सगळी शाळा डोक्यावर घेतली. पुढच्या आठवड्यात पंजे मंगेशरावांची नागाची कविता घेतली. कुवेंपूंचा किंदरीजोगी घेतला, वाद्य वाजवून उंदरांना मागे नेणारा. तो मुळात ब्राउनिंगच्या इंग्रजी कवितेवरून आलेला आहे, पण उंदीर बोम्मनहळ्ळीचे आहेत, म्हणून मुलांना आपल्याच गावचे वाटतात. पुण्यकोटी गायीचं गाणं तर कन्नड घरांतल्या बहुतेक मुलांना माहीत असतं. या सगळ्यात मी व्याकरण शिकवलं नाही, पण क्रियापदाची रूपं मुलांच्या जिभेवर बसली.

आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला आता अरिवु केंद्र म्हणतात. २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' ही मुलांच्या वाचनाची मोहीम सुरू झाली तेव्हापासून मुलांना तिथे फुकट सभासद होता येतं. पुस्तकं मात्र बहुतेक कन्नड. मराठी मुलं दारातून परत जायची. मी ग्रंथपालांशी बोललो आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून काही गोष्टी छापून घेतल्या. तिथे एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये मिळते, छापायला परवानगी असते. दोन्ही प्रती एका दोऱ्यानं शिवल्या. डाव्या हाताला मराठी, उजव्या हाताला कन्नड. आजोबा, तुमच्या ओट्याचं वाचलं आणि मला ही शिवलेली पुस्तकंच आठवली.

वडगावचे आजोबा

सर, तुमच्या मराठीत चूक सापडली नाही. त्या शिवलेल्या पुस्तकांचा फोटो टाका.

शेंगादाणा

मराठी वाचायला आणखी काही फुकट मिळतं का? शाळेकडे पैसे नाहीत.

रानवाट

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मोठ्या मुलांना सत्तरच्या दशकातले अंक दाखवा, चित्रं सुंदर आहेत. बाकी बेळगावच्या वाचनालयात जाऊन स्वतः पुस्तक हातात घेऊन निवडा. यादी मागू नका, प्रत्येक वर्गाचा कल वेगळा असतो.

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशीर झाला, मध्ये सर्वेक्षणाचं काम आलं होतं.

आधी एक सांगते. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' पुन्हा वाचलं. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि तो पार फसतो. मग दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. माझ्या वर्गात पावसानं हेच केलं होतं, मी मात्र तिसऱ्या दिवशी परत मागे गेले.

म्हणून या वेळी नियम केला. पहिली तीन वाचनं काहीही विचारायचं नाही. चौथ्यांदा एकच प्रश्न, आणि तोही असा की ज्याचं उत्तर मला स्वतःला ठाऊक नाही.

गोष्ट घेतली भोपळ्यातल्या म्हातारीची. सगळ्यांना माहीत असलेली, मुद्दाम घेतली. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ खायला येतो. ती म्हणते, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. येताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून जाते. तीन दिवस मुलांनी भोपळा होऊन वर्गभर उड्या मारल्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, "म्हातारीनं वाघाला शब्द दिला होता. मग तिनं केलं ते बरोबर का?"

सगळे एकदम ओरडले, "बरोबर!" पाचवीतला एक म्हणाला, वाघाला दिलेला शब्द शब्द नसतो. मला वाटलं, संपलं, एवढंच.

तेवढ्यात तो तिसरीतला मुलगा उठून उभा राहिला. घाईत मला बाई म्हणायचं विसरून घरच्यासारखं "अक्कोर" म्हणाला. "अक्कोर, पण पुण्यकोटी परत गेली होती की."

आमच्यातल्या काही मुलांना पुण्यकोटी नीट माहीत नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यालाच म्हटलं, तू सांग. त्यानं सांगितली, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. गाय वाघाला म्हणते, वासराला दूध पाजून येते. वासराला दुसऱ्या गायींच्या स्वाधीन करते आणि खरंच परत जाते. वाघ तिला खात नाही, लाजेनं कड्यावरून उडी टाकतो. तो शेवट सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता. जूनपासून त्यानं वर्गात एवढं सलग बोललेलं मी ऐकलेलं नव्हतं.

मग जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही, थांबवायचंही नव्हतं. "गायीचं वासरू होतं म्हणून ती गेली." "वासरू होतं तर जायलाच नको होतं." "म्हातारीची पण लेक होती." "लेक मोठी होती, तिचं लग्न झालं होतं." "म्हातारीच्या वाघाला लाज नव्हती, मग तिनं का जायचं?" जेवणाची घंटा झाली तरी भांडण चालूच. रांगेतही तेच. माझ्याबरोबरच्या सरांनी विचारलं, आज काय झालंय सगळ्यांना?

वखारीजवळ सर, वहीत लिहून घरी न्यायला काहीतरी हवं असं तुम्ही म्हणाला होता. मी मुलांना सांगितलं, घरी जाऊन आईला हाच प्रश्न विचारा आणि ती काय म्हणते ते लिहून आणा. १४ वह्या भरून आल्या. एका आईनं पोराकडून लिहून घेतलंय, "मी असते तर लेकीकडेच राहिले असते."

वखारीजवळ

ताई, हा प्रश्न मी उद्या माझ्या शिकवणीत घेतो. आयांची उत्तरं इथे टाकतो.

वडगावचे आजोबा

फार समाधान वाटलं. एक विचारायचं राहिलं. वाघाच्या बाजूनं कुणी बोललं का?

मलप्रभाकाठ

हो आजोबा. पहिलीतली एक मुलगी. एवढा वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण त्याला भूक लागली होती."